जळकोटचा राहुकाळ आणि परंड्याचा

सोलापूरहून हैदराबादेकडे निघालेला मनुष्य नळदुर्ग ओलांडून जळकोटच्या फाट्यावर येतो, तेव्हा त्याला रस्त्याच्या कडेला महालिंगप्पांचे दुकान दिसते. पाटीवर पाईप, पाणबुडी मोटारी आणि ठिबक साहित्य असे लिहिलेले आहे. या वस्तू तेथे किती खपतात हे महालिंगप्पांना आणि परमेश्वराला ठाऊक असून दोघांनीही त्याविषयी मौन पाळलेले आहे. मात्र तेथे वाट किती खपते हे साऱ्या महामार्गाला ठाऊक आहे.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून महालिंगप्पा सकाळी ओट्यावरच्या खुर्चीत बसत, ते दिवेलागणीलाच उठत. मालमोटारीचा चालक खिडकीतून मान काढी, कलबुर्गीकडून तुळजापूरला निघालेली जीप थांबे, आणि महालिंगप्पा दोन भाषांत रस्ता सांगत. कन्नड बोलणाऱ्याला ‘नेट्टग होगरी’, म्हणजे सरळ जा, असे म्हणून ते हात इतका सरळ धरीत, की पाहणाऱ्याला त्या हातावरूनच गाडी न्यावीशी वाटे. याबद्दल त्यांनी कधी कोणाकडून काही घेतले नाही. वाट सांगून जो मोबदला घेतो, त्याच्या गाडीचे पुढील जन्मी सारखे पंक्चर होते, असा त्यांचा सिद्धांत होता. तो कोणत्या ग्रंथात आहे हे त्यांनी कधी सांगितले नाही.

रस्त्याच्या पलीकडे दगडोबाचे हॉटेल होते. दगडोबाही वाट सांगे, पण आधी चहा आणि मग वाट असा त्याचा क्रम होता. महालिंगप्पांनी अलीकडून एक रस्ता सांगितला की तो पलीकडून ओरडे, “सावकार, कशाला माणसाला त्या खड्ड्यात घालताव? इकडं या पाव्हणं, चहा घ्या, दुसरा रस्ता हाय.” मग ते वाहन महामार्गाच्या मधोमध घोटाळे, मागची वाहने भोंगे वाजवत, आणि दोन्ही आचार्य आपापल्या पीठावरून शास्त्रार्थ करीत राहत.

या दुकानाच्या माडीवरच्या खोलीत महालिंगप्पांची कन्या शिवप्रिया बसे. पुण्याची नोकरी सोडून ती घरी आली होती आणि दोन पडद्यांपुढे बसून काही उद्योग करी. तो आभासी नाण्यांचा आहे, एवढे वडिलांना माहीत होते. त्यापलीकडे त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न तिने पुष्कळदा केला. परंतु “अप्पा, असं समजा, एका माणसाला” येथपर्यंत ती आली की खाली एखादी मालमोटार थांबे, आणि अप्पा त्या प्रत्यक्ष माणसाला वाट सांगायला उठून जात. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता निर्णय करून टाकला, की पोरगी नाण्यांची खरेदी-विक्री करते आणि हा एक प्रकारचा सौदा आहे.

वास्तविक शिवप्रिया काहीही विकत नव्हती. जगाच्या पाठीवर कोठेतरी एका गृहस्थाजवळ एक नाणे असते आणि त्याला दुसरे हवे असते. अशा अदलाबदलीसाठी नाण्यांची शेकडो तळी भरून ठेवलेली आहेत. कोणत्या तळ्यात काय भाव आहे हे त्या गृहस्थाला ठाऊक नसते, आणि मोठा घडा एकाच तळ्यात बुडवला तर तेथील पाणी खाली जाऊन भाव अंगावर येतो. म्हणून तो केवळ आपली इच्छा जाहीर करतो. मग वाट शोधणारे पुढे सरसावतात. कोणी म्हणतो, निम्मे या तळ्यातून घ्यावे आणि निम्मे त्या तळ्यातून. कोणी म्हणतो, आधी तिसरे नाणे करून घ्यावे आणि मग वळावे. ज्याच्या वाटेने गृहस्थाच्या पदरात सर्वांत अधिक पडते, त्याला ते काम मिळते. जिंकणारा आपल्या वाटेतून स्वतःसाठी चिमूटभर ठेवून घेतो, आणि इतरांनी केलेला विचार वाऱ्यावर जातो. हे सारे मनुष्याची पापणी लवण्याच्या आत घडते. म्हणून शोधणारी खरे तर यंत्रेच असतात, आणि शिवप्रियेसारखी माणसे त्या यंत्रांचे गुरुजी असतात.

या लिलावात बसण्यासाठी आसन लागते. ज्यांनी हा लिलाव मांडला आहे त्यांचा नियम असा, की जो तिमाहीच्या अखेरीपर्यंत पुरेसे विजय मिळवणार नाही, त्याचे आसन काढून घ्यावे. भाद्रपद लागला तेव्हा शिवप्रियेच्या आसनाचे तीन पाय मोडलेले होते. आसन गेले तर पुण्याच्या त्याच कचेरीत परत जाऊन, सोडताना ज्या साहेबाला तिने अनावश्यक स्पष्टपणे आपले मत सांगितले होते, त्याच्यापुढे उभे राहावे लागणार होते. ते मत साहेबाने लिहून ठेवले नसले तरी विसरण्याजोगे ते नव्हते.

तिच्या दुर्दशेचे कारण एकच होते. या लिलावात कोणाचे नाव नसते. अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक शेपूट, एवढीच प्रत्येकाची ओळख. त्यांतील एक शेपूट शिवप्रियेच्या पाठीस लागली होती. तिने उत्तम वाट काढावी आणि त्या शेपटीने केसभर अधिक देऊन काम पळवावे, असे दिवसभर चाले. शिवप्रियेने तिचे नाव केतू ठेवले होते.

केतू हे नाव सुचण्याचेही कारण होते, आणि त्यासाठी तिच्या आजाकडे वळावे लागते.

महादेवीचे, म्हणजे शिवप्रियेच्या आईचे, वडील शरणबसप्पा हे मुरूमला संस्कृत शिकवीत. व्याकरण, न्याय आणि पंचांग या तिन्हींवर त्यांचा अधिकार होता, आणि तो ते न विचारताच गाजवीत. नातीने नोकरी सोडली तेव्हा घरातले सारे विरोधात गेले. एकटे शरणबसप्पा तिच्या बाजूने उभे राहिले. त्यांची अट मात्र एक होती: “राहुकाळात व्यवहार सुरू करायचा न्हाय. शब्द दे.” तिने शब्द दिला. राहुकाळ सुद्धा दिनदर्शिकेतला नव्हे. छापील दिनदर्शिका साऱ्या मुलखाला एकच राहुकाळ वाटते, हा शरणबसप्पांच्या मते मुद्रकांचा आळस होता. आपल्या गावच्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस घ्यावा, त्याचे आठ समान भाग करावेत, आणि त्या त्या वाराचा जो भाग राहूचा असेल तेवढा टाळावा, ही खरी रीत. “राहू काय एसटी हाय का,” ते म्हणत, “सगळ्या डेपोला एकच वेळापत्रक द्यायला?”

पुढे शरणबसप्पा लिंगैक्य झाले आणि त्यांच्या अटीची राखण जावयाकडे आली. महालिंगप्पांनी सासऱ्यांचे जिवंतपणी कधी काही ऐकले नव्हते. त्याची भरपाई ते आता करीत होते. रोज राहुकाळ लागला की जिन्याखालून विचारणा होई, “शिवे, थांबलीस का?”

“थांबले अप्पा.”

“यंत्र थांबलं का?”

“त्याला मी आधीच शिकवून ठेवलंय.”

महादेवीला हा प्रकार पसंत नव्हता. “लिंगायताच्या घरात राहुकाळ कुठनं आला म्हणते मी,” ती स्वयंपाकघरातून म्हणे. “ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला राहू काय करतंय?”

“तुझ्या बापानं आणला,” महालिंगप्पा म्हणत, आणि तो वाद त्या दिवसापुरता संपे.

तर त्या भाद्रपदात एके दिवशी, पराभवांची राशी न्याहाळताना शिवप्रियेच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. ती थांबते त्या वेळात केतूही थांबतो. ती बाहेर असताना लिलाव कोणी तिसरेच लुटून नेत होते. सोमवारी सकाळी, मंगळवारी दुपारी, रविवारी सायंकाळी, जेथे जेथे तिचे रिकामे खिंडार होते तेथे तेथे केतूचेही होते. मात्र केतू तिच्यानंतर तीनेक मिनिटांनी थांबे, आणि तीनेक मिनिटांनीच परते.

ती खुर्चीत मागे रेलली. या जगात राहुकाळ पाळणारे पुष्कळ असतील, पण ते दिनदर्शिका पाहून पाळतात. दिनदर्शिकेप्रमाणे चालणारा दररोज ठरलेल्या ठोक्याला थांबला असता. केतू तिच्यासारखाच सूर्याबरोबर सरकत होता. म्हणजे दिवसाचे आठ भाग करणारा दुसरा मनुष्य अस्तित्वात होता. आणि त्याचा सूर्य तीन मिनिटे उशिरा उगवत असेल, तर तो तिच्या पश्चिमेस, पण फार दूर नव्हे, असा राहत होता. तिने नकाशा उघडून जळकोटवरून बोट पश्चिमेकडे सरकवले. तीन मिनिटे संपली तेथे बोटाखाली परंडा आले.

परंड्यात तिची मावशी नीलम्मा राहत होती. मावशीचा मुलगा नंदीश. बस स्थानकाजवळ त्याचे झेरॉक्सचे दुकान होते. शाळेत असताना तो पाढे विसरे म्हणून आजा त्याला अंगणात उभे करीत आणि शिवप्रियेला त्याच्यापुढे पाढे म्हणायला लावीत. ती ते मोठ्या आनंदाने म्हणे.

“अव्वा,” तिने खाली येऊन सांगितले, “मी उद्या परंड्याला जाऊन येते.”

हे शब्द ओट्यावर पोचायला वेळ लागला नाही. “परंड्याला?” महालिंगप्पा उठून उभे राहिले. स्वतःच्या लेकीला वाट सांगण्याचा योग त्यांना पहिल्यांदाच आला होता. “हितनं सोलापूर धरायचं, सोलापूरहून कुर्डुवाडी, कुर्डुवाडीहून परंड्याला गाड्याच गाड्या.”

“पोरीला जगभर फिरवून आणताव व्हय?” पलीकडून दगडोबा म्हणाला. “तुळजापूर, बार्शी, परंडा. नेट वाट हाय.”

“बार्शीला गाडी लागत न्हाय वेळेवर.”

“सोलापुरात गाडी लागती, पर माणूस तिथल्या गर्दीतच म्हातारा होतंय सावकार.”

शिवप्रियेने दोन्ही वाटा मनातल्या मनात ताडून पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दगडोबाच्या वाटेने गेली. महालिंगप्पांनी त्या दिवशी दोन गाड्यांना वाट सांगताना आवाज चढवला नाही, असे दगडोबाने नंतर सांगितले.

परंड्यात नंदीश झेरॉक्स यंत्राचे झाकण उघडून त्यात अडकलेला कागद ओढीत होता. तिला पाहून त्याने हात पुसले. “अक्का? अशी अचानक? जेवलीस का?”

“नंद्या, मंगळवारी दुपारी काय करतोस तू?”

“झोपतो.”

“आणि तुझा कॉम्प्युटर?”

“त्यो पण झोपतो.”

“तीन मिनिटं उशिरा झोपतो तो.”

नंदीशने कागद तसाच सोडला. त्याने तिच्याकडे, मग दुकानाच्या कोपऱ्यात कापडाखाली गुणगुणणाऱ्या यंत्राकडे, मग परत तिच्याकडे पाहिले. “तीन मिनिटं आधी उठणारं गाढव तू व्हय?” तो म्हणाला. “मला वाटायचं, कुणीतरी सूर्योदय चुकीचा घातलाय. दया यायची मला. कळवावं म्हणलं त्याला, पर नाव न्हाय, गाव न्हाय.”

“तुझ्याकडूनही आजानं शब्द घेतला होता?”

“व्हय. आणि म्हणले, त्या शिवाला सांगू नकोस, ती हुशार हाय, तिचं मन मोडंल.”

“मला म्हणाले, नंद्याला सांगू नकोस, त्याला वाटंल आपण मागं पडलो.”

आयुष्यभर सत्य बोलावे असे शिकवणाऱ्या त्या विद्वानाने आपली दोन नातवंडे एकाच आखाड्यात समोरासमोर सोडून दिली होती आणि दोघांच्याही पाठीवर स्वतंत्रपणे हात फिरवला होता. आणि लिंगैक्य झालेल्या पुरुषाकडे खुलासा मागण्याची सोय कोणत्याही धर्मात नाही.

नीलम्मा मावशीने भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. शिवप्रियेने आपल्या आसनाची स्थिती सांगितली. नंदीश चटणीत तेल ओतीत ऐकत राहिला.

“तुझी वाट माझ्यापेक्षा चांगली असती अक्का. म्या रोज बघतो. पर तू त्यातनं स्वतःसाठी ठेवून घेतीस. म्या जवळजवळ काहीच ठेवत न्हाय. माझं पोट झेरॉक्सवर चालतंय. म्हणून म्या केसभर पुढं.”

“मग या तिमाहीपुरता जरा मागं सर की.”

“आपण दोघांनी असं ठरवून केलं आणि कळलं, तर दोघांचीही आसनं जातात. नियम हाय त्यांचा.”

“बहिणीसाठी एवढं न्हाय का करवत?” मावशी म्हणाली.

“आई, ती लबाडी असती.”

“राखीला तिला काय दिलंस तू? मोबाईलची वायर. ती लबाडी नव्हती व्हय?”

नंदीशने विषय बदलला. “राहुकाळाची वेळ तेवढी मोकळी असती. तिथं जी यंत्रं जिंकतात ती ढेबरी हायत, भरमसाट ठेवून घेतात. तिथं आपण गेलो की सगळं आपलंच. म्या आईला विचारून बघितलं होतं. म्हणलं, लिलाव ज्याच्यावर चालतो त्यो कॉम्प्युटर हाय जर्मनीत, तर जर्मनीतला राहुकाळ धरू.”

“मी विचारलं, तू जेवतोस कुठं,” मावशी म्हणाली. “परंड्यात. मग राहू पण परंड्याचाच.”

शिवप्रिया परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा तिला एवढेच कळले होते, की तिचे आसन वाचण्याची एकच फट आहे. ती फट राहूच्या ताब्यात होती, आणि राहू अप्पांच्या ताब्यात होता.

तिने प्रयत्नात कसूर केली नाही. व्यवहार घडतो तरी कोठे, असा प्रश्न तिने रात्रीच्या जेवणाच्या वेळी मांडला. ज्याला नाणे हवे तो ब्राझीलमध्ये, तळे कोठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, नोंद तर साऱ्या जगात एकदम होते. अशा व्यवहाराला स्थळ नाही, आणि स्थळ नाही तेथे सूर्योदय नाही, आणि सूर्योदय नाही तेथे राहूने उभे राहावे कोठे?

महालिंगप्पांनी घास खाली ठेवला. “तुझा आजा संकल्प सांगताना काय म्हणायचे? गोदावरीच्या दक्षिण तीरावर. तू कुठं बसलीस?”

“दक्षिण तीरावर.”

“मग?”

“मी नुसती बसलीय अप्पा. करणारं यंत्र आहे.”

“यंत्राला शिकवलं कुणी?”

“मी.”

“मग झालं. वाढ गं मला भात.”

महादेवीने भात वाढला, पण वाढताना म्हणाली, “सासऱ्याचा एवढा पुळका मेल्यावर आला. जिवंत होते तेव्हा त्यांना बघून मागच्या दारानं जायचे.”

“तो आदर होता,” महालिंगप्पा म्हणाले.

तिमाही संपत आली. शिवप्रियेचा खर्च चिमटीवरच चालत असल्याने ती पुरती सोडवत नव्हती; तिने ती लहान केली, तर केतूने आणखी लहान केली, आणि आता त्याचा चेहराही तिला ठाऊक असल्यामुळे प्रत्येक पराभव अधिक झोंबू लागला. यंत्राच्या पडद्यावर तिला शेंगाचटणीत तेल ओतणारा नंद्या दिसे.

मग मंगळवार आला. दुपार कलली, राहुकाळ लागला. खालून “शिवे, थांबलीस का?” आले, वरून “थांबले” गेले, आणि रिकाम्या हातांनी ती जिना उतरून ओट्यावर आली. नळदुर्गच्या अलीकडे एक टँकर रस्त्यात आडवा पडल्याची वार्ता तेवढ्यातच आली होती. नवरात्र जवळ येत असल्याने कलबुर्गी आणि आळंदकडून तुळजापूरला जाणाऱ्यांची रीघ होती. ती सारी वाहने फाट्यावर येऊन तुंबली. माणसे उतरून दुकानापुढे जमली.

महालिंगप्पा खुर्ची सोडून पायरीवर उभे राहिले. त्यांच्या मुखावर एक तेज आले होते. मोठी बस आली तिला त्यांनी एका रस्त्याला लावले, कारण दुसऱ्यावरचा पूल अरुंद होता. मागच्या जीपगाड्यांना मात्र त्यांनी त्या पुलावरूनच सोडले, कारण सारे एकाच रस्त्याने गेले तर तोही तुंबला असता. दुचाकीवाल्यांना त्यांनी पाझर तलावाच्या बांधावरून काढून दिले. दगडोबा पलीकडून ओरडत होता, पण चहासाठी थांबायला त्या दिवशी कोणास सवड नव्हती. एका वृद्ध भक्ताने महालिंगप्पांच्या हातावर एक नोट ठेवू पाहिली. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू त्या नोटेला खिळे होते.

शिवप्रिया दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. गर्दी विरळ झाल्यावर तिने अगदी सहज विचारले, “अप्पा, आता राहुकाळ आहे ना?”

“हाय की.”

“मग तुम्ही काय करत होता?”

“काय करत होतो म्हणजे? वाट सांगत होतो.”

“राहुकाळात?”

“वाट सांगणं हा काय व्यवहार हाय का?” महालिंगप्पा खुर्चीत बसत म्हणाले. “निघालेत ते. त्यांचं त्यांनी मुहूर्त बघून निघायचं. आपण नुसतं सांगायचं, बाबा, असं जा. जायचं का न्हाय ते त्यांच्या मनावर. आपल्याला काय त्यात?”

“मी तेच करते अप्पा.”

“काय तेच?”

“वाट सांगते. मी एक नाणं घेत नाही, एक नाणं विकत नाही. निघालेला माणूस निघालेला असतो. तो विचारतो, इकडनं तिकडं जायचंय, कसं जाऊ. मी सांगते, निम्मं या रस्त्यानं, निम्मं त्या पुलावरनं. पलीकडनं नंद्या ओरडतो, तिकडं जाऊ नका, इकडनं या. ज्याची वाट बरी त्याची तो धरतो, त्यातली चिमूट तेवढी माझी. गेली दोन वर्षं मी हे सांगायला बसले की तुमची गाडी थांबते.”

महालिंगप्पांनी रस्त्याकडे पाहिले. एकही गाडी थांबली नव्हती. पलीकडे दगडोबासुद्धा किटली हातात धरून कान देत होता.

“म्हणजे,” ते हळूहळू म्हणाले, “तू वर फाट्यावर बसतीस.”

“हो.”

“दिसत न्हाय तो फाटा, एवढंच.”

“हो.”

“आणि परंड्यातला नंद्या म्हणजे तुझा दगडू.”

“मला कशाला मधी घेताव,” पलीकडून आवाज आला.

दाराआडून महादेवी हसली. ते हसू महालिंगप्पांना लागले, पण मनुष्य न्यायी होता. स्वतः उच्चारलेला सिद्धांत अर्ध्या घटकेत मागे घेणे त्यांना शोभले नसते. त्यांनी डोळे मिटले आणि सासऱ्यांच्या तोंडचा शब्द आठवून पाहिला. शरणबसप्पांनी व्यवहार म्हटले होते. मार्गदर्शन म्हटले नव्हते, आणि शरणबसप्पा शब्द तोलून वापरीत. त्यांना अडवायचे असते तर त्यांनी अडवले असते.

“सांग वाट,” ते डोळे उघडून म्हणाले. “राहुकाळात सांग. माझी ना न्हाय.” शिवप्रिया जिन्याकडे वळली तेवढ्यात त्यांनी बोट वर केले. “पर वाट सांगायचे पैसे घ्यायचे न्हाईत. जाणाऱ्याच्या पदरात सगळं टाकायचं. घेतलंस की झाला व्यवहार. तू काय ठेवून घेतीस म्हणालीस, चिमूट? ती राहुकाळात ठेवायची न्हाय.”

शिवप्रिया पहिल्या पायरीवर थबकली. तिच्या चेहऱ्यावर आधी निराशा आली. मग तिला नंदीशचे बोलणे आठवले: तुझी वाट माझ्यापेक्षा चांगली असती, पर तू ठेवून घेतीस. आसन कमाईवर मोजत नसत, विजयांवर मोजत. ती उरलेल्या पायऱ्या दोन दोन चढून गेली.

राहुकाळ अजून थोडा शिल्लक होता. तिने यंत्राला नवा पाठ दिला, आणि त्या उरलेल्या वेळात ढेबऱ्या यंत्रांच्या डोक्यावरून एकामागून एक कामे उचलली. खर्च वजा जाता एक कवडीही तिच्याकडे राहिली नाही, पण विजय तिच्या नावावर पडत गेले. अप्पांनी जिन्याखालून दोनदा विचारले, “ठेवली न्हाईस ना?” तिने दोनदा सांगितले, “नाही.”

त्याच सायंकाळी महादेवीने परंड्याला फोन करून बहिणीला सारे सांगितले. बहिणींमध्ये अशा गोष्टी राहत नाहीत. नीलम्मेने मेव्हण्यांचा निर्णय वडिलांच्या निर्णयाइतकाच प्रमाण मानला आणि तो लेकाला लागू केला. दुसऱ्या दिवशी राहुकाळात शिवप्रिया लिलावात उतरली, आणि तीन मिनिटांनी केतूही उतरला.

“अक्का,” नंदीश फोनवर म्हणाला, “आता म्या पण काय ठेवत न्हाय आणि तू पण काय ठेवत न्हाईस.”

“हो. आता नुसती वाट.”

“नुसत्या वाटेत तू जिंकतीस.”

“तू पाढे पाठ करायला हवे होतेस नंद्या.”

त्याने फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने परत करून विचारले, की निम्मे-निम्मे करताना ती शेवटचा भाग कोणत्या तळ्याला देते. तिने सांगितले नाही.

तिमाही सरली. ज्यांची आसने गेली त्यांच्या शेपट्या यादीतून पुसल्या गेल्या. शिवप्रियेची शेपूट राहिली, अगदी कडेला, पण राहिली. नंदीशचीही राहिली. शरणबसप्पांच्या तसबिरीला महादेवीने त्या दिवशी हार घातला, आणि “बघा, तुमच्या राहूनं काय केलं ते,” असे त्यांना सुनावले.

त्यानंतर काही दिवसांनी परदेशातल्या लोकांमध्ये एक कुजबुज सुरू झाली. दिवसातल्या एका ठराविक तुकड्यात नाणी बदलून घेतली तर पदरात सर्वांत अधिक पडते, असे कोणाच्या तरी ध्यानात आले. तो तुकडा रोज वेगळ्या वेळी येई आणि महिन्यागणिक सरके. एकाने लिहिले, हा मोठ्या पेढ्यांचा डाव आहे. दुसऱ्याने भरती-ओहोटीशी त्याचा संबंध जोडून आलेख काढला. एका जपानी गृहस्थाने म्हणे आपल्या साऱ्या उलाढाली त्याच वेळात करण्याचे ठरवले. शिवप्रियेने हे सारे खाली येऊन वाचून दाखवले.

“म्हणजे राहुकाळ आता सगळ्या जगाला शुभ झाला,” महालिंगप्पा म्हणाले.

“झाला खरा.”

“हे तुझ्या आजाला सांगू नको,” ते म्हणाले, आणि आजा आता कोठे आहेत हे आठवून तसबिरीकडे न पाहता ओट्यावर गेले.

बुधवारचा राहुकाळ चालू होता. एक मालमोटार दोन्ही दुकानांच्या मध्ये येऊन थांबली आणि चालकाने खिडकीतून मान काढली. महालिंगप्पांनी हात उचलला, पण वाट सांगण्याआधी ते पलीकडे पाहून म्हणाले, “दगडू, राहुकाळात मोबदला घेऊ नये. या वेळात तू पण चहाबिगर वाट सांगत जा.”

“आमच्यात राहुकाळ नसतोय सावकार,” दगडोबा म्हणाला, आणि चालकाकडे वळून त्याने विचारले, “साखर कमी का जास्त?”